पाचव्या रांगेतल्या दोन जागा

लातूर,
३ नोव्हेंबर २०२५

ती. महामायाताईस,
ज्योत्स्नाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

चि. बुद्धप्रियेने तुमच्या टोरांटोच्या प्रवासासाठी विमानातील जागांचा नकाशा पाठवला, तो पाहिलास ना? मग एक कोडे तुझ्याही नजरेला आले असेल. साध्या वर्गात नवरा-बायको दंडाला दंड लावून बसतात. लेकीने तुमच्यासाठी हौसेने घेतलेल्या बिझनेस क्लासमध्ये मात्र दोघांच्या मध्ये चक्क टेबल येते. सुख वाढले की अंतर का वाढावे? हे फोनवर समजावता येईना. शाळेतून निवृत्त होऊन वर्ष झाले, तरी पुन्हा फळ्यापुढे उभी राहिले आहे असे समज.

तिथली खुर्ची उलगडली की पलंग होतो. एवढे लांब पलंग एकामागे एक मांडले तर विमान पुरायचे नाही. म्हणून मागच्या प्रवाशाचे पाय पुढच्याच्या शेजारच्या टेबलाखाली सरकवलेले असतात. त्यासाठी टेबलाची बाजू प्रत्येक रांगेत बदलावी लागते. परिणामी मधल्या जोडजागा दोन प्रकारच्या होतात. तुमच्या विमानात सम रांगांत दोन्ही टेबले दोघांच्या मध्ये येतात. विषम रांगांत ती बाहेर, वाटेकडे जातात आणि खुर्च्या एकमेकींना खेटतात. गंमत म्हणजे दोन्हीकडे अक्षरे तीच, डी आणि जी! म्हणूनच लोक फसतात. अक्षर पाहू नये, चित्र पाहावे. पाचवी रांग अजून मोकळी आहे. मधला पडदाही बटण दाबून खाली करता येतो.

आमचे प्रेमराव म्हणतात की चौदा तास बायको शेजारी नको, म्हणूनच लोक ते महागडे तिकीट काढतात. मी त्यांना आज चहा दिला नाही.

तीस तारखेच्या आत जागा कळवायच्या आहेत, विसरू नका. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
ज्योत्स्ना


नांदेड,
९ नोव्हेंबर २०२५

चि. ज्योत्स्नास,
जय भीम आणि मंगल कामना.

तुझे पत्र यांनीच पोस्टमनकडून घेतले, पण फोडले नाही. फोन मात्र कानाने कमी ऐकू येते म्हणून स्पीकरवरच ठेवतात. म्हणून मीही लिहूनच कळवते. तुझा धडा नीट समजला, पण त्याचा उपयोग नाही. यांनी जागा आधीच ठरवल्या आहेत. दोन्ही खिडकीच्या रांगेतल्या, एकामागे एक. पाचवी ए माझी, सहावी ए त्यांची. म्हणाले की तू पुढं बस, मी हाय की मागं. मी हाव, बरं म्हणाले आणि भाकरी उलटायला आत गेले.

तुला सगळे ठाऊकच आहे. एकतीस वर्षे मी उदगीरला दवाखान्यात परिचारिका आणि ते किनवटला मुलांच्या वसतिगृहाचे अधीक्षक. महिन्याचे दोन दिवस नांदेडच्या या घरी भेटायचो, त्यातला अर्धा दिवस कपडे धुण्यात जायचा. आता निवृत्त होऊन दोन वर्षे एका छताखाली आहोत. ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचतात, मी आत असते. गाठ पडते ती ताटावर. भांडण नाही, अबोला नाही. शेजारी बसायची सवयच कधी लागली नाही गं.

चौदा तास एका जागी, हाताला काम नाही, दाराशी पाहुणा नाही. तिकिटे आल्यापासून मी टोरांटोतल्या नातवाच्या आधी त्या चौदा तासांची वाट पाहून राहिले होते. पण एकसष्टाव्या वर्षी मला तुमच्याजवळ बसायचं हाय, हे कोणत्या तोंडाने म्हणू? आणि प्रेमरावांची थट्टा वाचून मनात आले, यांनाही तसेच वाटत असेल तर? ते कळण्यापेक्षा खिडकी बरी. तू यांना यातले अक्षरही सांगू नकोस.

प्रेमरावांना चहा दे. मला मात्र विसरू नकोस.

तुझी ताई,
महामाया


लातूर,
१४ नोव्हेंबर २०२५

आदरणीय आनंदराज दाजींस,
ज्योत्स्नाचा सविनय जय भीम. वि. वि.

हे पत्र केवळ तांत्रिक आहे. आपण 'ए'च्या दोन जागा निवडल्याचे चि. बुद्धप्रियेकडून कळले. आपण मागे बसून ताईकडे लक्ष ठेवणार, हे मी जाणते. परंतु तिथे प्रत्येक खुर्चीला डोक्यापर्यंत भिंत असते. बसमध्ये पुढच्या माणसाचा निदान अंबाडा दिसतो. इथे आपल्याला चौदा तास राखाडी प्लास्टिक दिसेल. शिवाय पाचवी ए खिडकीला लागून आहे, तर सहावी ए वाटेकडे सरकलेली. हाक मारायची तरी पट्टा सोडून उठावे लागेल.

आपणच सांगत असता की वसतिगृहात नव्या मुलाची खाट त्याच्याच गावच्या मुलाशेजारी लावायचा, म्हणजे तो घराच्या आठवणीने रडत नसे. दीडशे खाटांचे गणित ज्याला जमले, त्याचे दोन खुर्च्यांत कसे चुकले? माझ्या वर्गात गृहीतक तपासल्याखेरीज उत्तर लिहू देत नसे. म्हणून नम्रपणे विचारते, खिडकी हवी असे ताई म्हणाली होती, की आपण धरून चाललात?

आगाऊपणाची क्षमा असावी. मेव्हणीवरचा जिव्हाळा कमी करू नये.

आपली,
ज्योत्स्ना


नांदेड,
२० नोव्हेंबर २०२५

चि. ज्योत्स्नास,
आनंदराजचा जय भीम.

तुझे तांत्रिक पत्र तीनदा वाचले. तिला विचारले नव्हते, हे कबूल. दर महिन्याला मी तिला नांदेडच्या बसस्थानकावर उदगीरच्या गाडीत खिडकीशी बसवून द्यायचो आणि खाली उभा राहायचो. गाडी वळेपर्यंत खिडकीत तिचा चेहरा दिसायचा. तेच डोळ्यांत राहिले. वाटले, तिची आवडती जागा तीच.

परवा विचारले. ती तांदूळ निवडत होती. खडा बाजूला काढत म्हणाली की खिडकीत बसायचं म्हंजे तुम्ही खाली ऱ्हाणार, एवढंच मला माहीत. खिडकी कधी आवडलीच न्हाई. चष्मा शोधतो म्हणून उठलो, तर ती म्हणाली की तो नाकावरच हाय, बसा.

बसलो.

काल बुद्धप्रियेला पाचव्या रांगेतल्या डी आणि जी कळवल्या. खिडकी नाही याची तिला हळहळ वाटली. मी म्हणालो की आम्हाला बाहेर बघायचं न्हाई.

प्रेमरावांना नमस्कार. येणेजाणे राहू द्यावे.

तुझे,
दाजी

ता. क. तुझी शाळा माझ्याही अंगी लागली. जागा कळवण्याआधी आम्ही घरात एक प्रयोग केला. कृती लिहून देतो, तू आणि प्रेमरावांनी करून पाहा. दोन खुर्च्या शेजारी मांडाव्यात. पाठ टेकून बसावे, डोळे मिटावेत आणि दोघांनी आपापला आतला हात बाजूला सोडावा. चाचपडावे न लागता दुसऱ्याचा हात सापडला, तर जागा बरोबर. नाही सापडला, तर डोळे उघडून खुर्च्या जवळ घ्याव्यात आणि पुन्हा मिटावेत. आम्हाला दोनदा घ्याव्या लागल्या.