मऊ चेंडू आणि गरम उकड

आई, तुला जाऊन वीस वर्षं झाली आणि आज लिहायला बसले आहे ती तुझी आठवण अनावर झाली म्हणून नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलंय, रोज चार ओळी लिहा, बोटं मोकळी होतील. महिन्यापूर्वी माझ्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी उजव्या मनगटातून तार हृदयापर्यंत नेली आणि तुंबलेल्या शिरेत स्प्रिंग बसवली. दुखणं छातीत आणि भोक मनगटाला, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. घरी सोडताना बाईंनी एक मऊ चेंडू दिला. तो हलकेच दाबायचा, सोडायचा, अंगठा एकेका बोटाला टेकवायचा. पण सांगेपर्यंत जड उचलायचं नाही, पिळायचं नाही, मळायचं नाही. मी मान डोलावली. विश्वास मात्र ठेवला नाही, तूही ठेवला नसतास.

खालापूरच्या रस्त्यावरची तुझी खानावळ अजून चालते. खोपोलीच्या कारखान्यांतले कामगार दुपारी तांदळाच्या भाकरीसाठी येतात आणि भाकरी कित्येक वर्षं माझ्याच हातची. दवाखान्यातून आले, तर परात सुनेच्या पुढ्यात, तवा तिच्या ताब्यात आणि तोंडात साखर. "आई, तुमी बसा निवांत. चेंडू दाबलात का?" व्यायाम झाला की ती कॅलेंडरवर फुली मारते. या फुल्या व्यायामाच्या आहेत की माझ्या उरलेल्या दिवसांच्या, असं मनात यायचं. ती फोनवर हळू बोलायला लागली की मी पाण्याच्या निमित्ताने दाराशी जाऊन उभी राहायची. ऐकू काय आलं, तर कुकरची रिंग कुठे मिळेल. तरी माझं समाधान होईना.

चौथ्या दिवशी ती दळण आणायला गेली आणि मी गुपचूप उकड काढली. तूच शिकवलं होतंस, हाताला चटके बसतात तोवरच मळायची, गार झाली की भाकरीला कडेने चिरा पडतात. माझं म्हणणं साधं होतं: बाई म्हणतात मूठ मिटा, मूठ उघडा, मग पंधरा वर्षांची असल्यापासून मी परातीत दुसरं काय केलंय? तळहाताने दहा-बारा वेळा रेटलं असेल, तोच मनगटाच्या त्या भोकाशी आतल्या आत रक्त साठून लिंबाएवढी गाठ फुगली. सून दारात आली. डबा तिथेच टाकून तिने माझं मनगट अंगठ्याने घट्ट दाबून धरलं. "हलू नका आई, हात जोडते तुमाला." मुलाने रिक्षा आणली. दवाखाना येईपर्यंत तिने अंगठा काढला नाही. डॉक्टर म्हणाले, लगेच दाबलं म्हणून निभावलं. आणि मी काय विचार करत होते सांगू? आता हिला कारणच मिळालं, परात कायमची गेली.

काल डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली. आज सकाळी सुनेने वाफाळती परात माझ्यापुढे सरकवली.

"का गं?" मी विचारलं.

"माझ्या भाकरीला चिरा पडतात. लोक इचारतात, आई कधी येनार. चारच करा, दुखलं तर बाजूला व्हा. मी हाय ना."

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. काही खोट सापडते का ते शोधत होते. सापडली नाही. मनगट जपत थापली, तरी भाकरी फुगली.

हा संशय मला कुठून जडला, ते मलाच ठाऊक आहे. नवरा गेल्यावर मुलाला घेऊन तुझ्याकडे आले, तेव्हा आपल्या हक्काचं काहीतरी हवं, या भीतीने मी झपाटले होते. तुझी बोटं तेव्हा सुजायची. एक दिवस मी म्हटलं, "आई, गिऱ्हाईक कुरकुरतंय. भाकऱ्या जाड होतात म्हणतात. तू आता आराम कर." तू पदराला हात पुसलेस आणि उठलीस. पुढे जगलीस तितके दिवस कोपऱ्यात भाजी निवडत बसलीस. मला वाईट वाटायचं, पण तवा मी सोडला नाही.

बाईंना वही दाखवायची आहे, तेव्हा हे पान फाडून टाकीन. तुला तरी कुठे पाठवणार? पण आई, कुणीही कुरकुरलं नव्हतं.