कौलखेडच्या घरातील खाऱ्या पाण्याची व्यवस्था

मी, संध्या डोमाजी वानखडे, वय त्रेपन्न वर्षे, कनिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्राची शिक्षिका, राहणार कौलखेड, अकोला, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावलेले नाही की गोड बोलून लिहायला बसवलेले नाही. पुढच्या आठवड्यात नागपूरला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टरांनी धीर दिला, पण धीर देताना ते माझ्याकडे न पाहता फायलीकडे पाहत होते. तेव्हा लिहून ठेवलेले बरे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

वकीलसाहेब म्हणाले, कारणे लिहू नका, कोणाला काय द्यायचे तेवढे लिहा. पण कारणे नसतील तर माझ्या भावाला हा कागद डोके फिरलेल्या बाईचा वाटेल. म्हणून कारणांसकट लिहिते.

१. राहते घर माझे वडील कै. डोमाजी वानखडे यांनी पाटबंधारे खात्यातील नोकरीत असताना बांधले. ते मृत्युपत्र न करता वारले, त्यामुळे घर माझे व माझा धाकटा भाऊ स्वप्निल याचे निम्मे-निम्मे आहे. त्याच्या निम्म्याविषयी मला काही बोलायचे नाही. माझ्या निम्म्यात, म्हणजे पुढची खोली व स्वयंपाकघर यांत, गोदाबाई बोचरे, मूळ राहणार पातूर, यांना हयात असेपर्यंत राहण्याचा हक्क देत आहे. वडिलांच्या आजारपणात त्या रोज आमच्या घरी कामाला होत्या. त्यांच्या पश्चात हा हिस्सा स्वप्निलची मुलगी खुशी हिचा. स्वप्निलला वाटणी हवी असेल तर त्याने मध्ये खुशाल भिंत घालावी. गोदाबाईंना मात्र उठवता येणार नाही.

२. मागच्या खोलीतील काचेच्या टाक्या, गोल भांडी, पंप, मिठाची पोती व त्यांतील सर्व जिवंत जनावरे अमरावतीचे शेखर काळबांडे यांना द्यावीत. शेखर माझा विद्यार्थी. आता तो स्वतः कॉलेजात शिकवतो आणि समुद्री टाकी नीट ठेवतो. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा म्हणूनही मी त्यालाच नेमते.

ही जनावरे म्हणजे लाल अंगाची, पाठीवर पांढरा पट्टा असलेली शोभेची कोळंबी. समुद्रात ती माशांच्या अंगावरचे किडे वेचून खाते. अकोल्यात ती काय करते, असे मला पुष्कळांनी विचारले आहे. त्याचे उत्तर पुढे येते.

एम.एस्सी. झाल्यावर मी कोकणात एका मत्स्य संशोधन केंद्रात उमेदवारीला होते. तिथे कायम होण्याची वेळ आली आणि इकडे बाबांना अर्धांगवायू झाला. आमची आई पंचफुला आधीच गेली होती. स्वप्निल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. तो फोनवर म्हणाला, ताई, दोन वर्षे बघ, मग मी त्यांना माझ्याकडे नेतो. मी आले. दोन वर्षांनी त्याला नोकरी लागली, मग लग्न, मग खुशी, मग पुण्यातला लहान फ्लॅट. प्रत्येक वेळी कारण खरेच होते. खोटे कारण असते तर मला भांडता तरी आले असते.

इथल्या कॉलेजात नोकरी मिळाली. सकाळी बाबांचे अंग पुसायचे, कॉलेजला जायचे, दुपारी येऊन त्यांना कुशीवर वळवायचे. घराचे दार ओलांडायचे तर कारण लागायचे आणि परत येण्याची वेळ सांगावी लागायची. तशात एकदा मी मुंबईच्या एका दुकानदाराकडून थर्माकोलच्या पेटीत कोळंबीची जोडी मागवली. पाकिटातले मीठ कालवून पाणी केले. जोडी जगली, अंडी धरली, पिलेही सुटली. ती केसाएवढी असतात आणि तळाला न बसता महिनोन् महिने पाण्यात तरंगतात. गोल भांड्यात हवेचे बुडबुडे सोडून पाणी सतत हलते ठेवावे लागते. हवा थांबली की पिले तळाशी जाऊन एकमेकांच्या लांब पायांत गुंततात आणि मरतात. त्यांना पुन्हा पुन्हा ताजे, जिवंत खाणे लागते. बसायला योग्य जागा आहे असे वाटले नाही तर ती कात टाकत राहतात, पण वाढत नाहीत. माझी पिले वर्षानुवर्षे याच अवस्थेत मेली.

टाक्या बाबांच्या खोलीतच होत्या, कारण मोठा कूलर एकच होता. अकोल्याचा मे महिना बाबांना सोसवत नव्हता आणि पिलांनाही नाही. बाबा त्यांना "तुहे किडे" म्हणायचे.

३. आता पलंगाविषयी. त्याआधी जे घडले ते सांगणे भाग आहे.

कोकणातल्या एका खाजगी हॅचरीला, म्हणजे पिले पैदा करून विकणाऱ्या केंद्राला, माझ्या खटपटीची खबर लागली. मालकाने कळवले की पिलांची एक खेप शेवटपर्यंत वाढवून दाखवा, इथला विभाग तुमच्या ताब्यात देतो. मी स्वप्निलशी बोलले. या वेळी तो लगेच हो म्हणाला, बाबांसाठी खोलीही रिकामी केली. बाबांना विचारले. ते म्हणाले, "जाईन ना. मले काय." त्या वर्षीची खेप पहिल्यांदाच एवढी पुढे गेली होती. पिलांचे कल्ले दिसू लागले होते, आणि मी कपाटातून बॅग काढून तिची साखळी दुरुस्त करून आणली होती.

एका दुपारी कॉलेजातून आले तर भांड्यातले पाणी स्थिर होते. तळाशी पांढरा थर होता. बाबा म्हणाले, लाइट गेली होती. घरात इन्व्हर्टर होता, तो का चालला नाही, हे विचारायचे मला सुचले नाही. मी थर गाळून बाहेर जास्वंदीच्या आळ्यात टाकला. हॅचरीने दुसरा माणूस घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात गोदाबाई लेकीच्या बाळंतपणासाठी पातूरला निघाल्या. निघताना दारात थांबून म्हणाल्या, "ताई, त्या दिवशी लाइट गेलीच नोती. बाबानं बटन बंद केलं. मी पोळ्या लाटत होती, मले दिसलं. मले म्हने, सांगशीन तं उद्यापासून येऊ नको."

बाबांचा डावा हात चालायचा. बटण पलंगाच्या उशाशी होते.

मी आत जाऊन खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले आणि सरळ विचारले. त्यांनी नाही म्हटले नाही. जीभ जड होती, तरी शब्द स्पष्ट आले.

"ते जगले असते तं तू गेली असती."

मी म्हटले, "मी तुमाले पोराच्या घरी पाठवून राहिली होती, बाबा. रस्त्यावर नाही."

"तिथं मी परका मेलो असतो," ते म्हणाले. मग पाणी मागितले. मी दिले.

त्यांचा पलंग दुसऱ्या खोलीत हलवावा असे फार वाटले. पण मे महिना होता आणि कूलर एकच होता. इलेक्ट्रिशियनला बोलावून बटणावर कुलपाची लोखंडी पेटी बसवून घेतली. त्याने विचारले, घरात लहान मुले आहेत काय? मी म्हटले, वडील आहेत. त्या पावसाळाभर मी त्यांना भरवले, न्हाऊ घातले, कूस बदलून दिली, पण एक शब्द बोलले नाही. एका खोलीत आम्ही दोघे आणि मध्ये पंपाची घरघर. ते माझ्याकडे पाहायचे आणि मी थर्मामीटरकडे.

पुढे काही वर्षांनी एक खेप तगली. मी स्वयंपाकघरात असताना बाबांनी हाक मारली. दिवसभर त्यांची नजर भांड्यावरच असायची, म्हणून त्यांना आधी दिसले. "संध्या, एक बसला पाह्य." एक पिलू काचेला पाय टेकून उभे होते. पाठीवर पट्टा उमटला होता. संध्याकाळपर्यंत आणखी चार-पाच बसली. बाबांच्या डोळ्यांतून पाणी आले. ते म्हणाले, "आता जाय तू. मी काही करत नाही."

तोवर ती हॅचरी बंद पडली होती, आणि बाबांना उशीला टेकवूनही बसता येत नव्हते. मी कुठे जाणार होते? त्याच हिवाळ्यात ते गेले. शेवटपर्यंत मी त्यांना माफ केले की नाही, हे त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. मलाच अजून ठाऊक नाही.

बाबांचा तो लोखंडी पलंग मी स्वप्निलला देत आहे. पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्याने तो मांडावा असा आग्रह नाही. पण न्यायला त्याने स्वतः यावे, मजूर पाठवू नये. बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, पाहुणे जेवत असताना, त्याने हक्कसोडपत्राचा टाइप केलेला कागद माझ्यापुढे ठेवला होता. म्हणाला, "ताई, तुला एकटीला एवढ्या घराचं काय करायचंय?" मी सही केली नाही. मला त्याचा राग आहे. तरीही लहानपणी आईच्या मागे तो माझ्याच कुशीत झोपायचा, हेही इथे लिहिलेले असू द्यावे.

४. गोदाबाईंना माझ्याकडून पूर्ण माफी आहे. पोट हातावर असलेल्या बाईने वर्षभर तोंड बंद ठेवले, यात नवल नाही. नंतर सांगितले, याचे आहे. आईचे शिलाई मशीन त्यांनाच द्यावे.

५. बँकेतील ठेवी व भविष्य निर्वाह निधी सर्वस्वी खुशीला. याला एकही अट नाही. हा पैसा आईवडिलांना सांभाळण्याबद्दल नाही आणि माझी आठवण ठेवण्याबद्दलही नाही. तिने दूर शिकायला जावे, परदेशी जावे, चुकीच्या माणसाशी लग्न करावे, काहीही करावे. गेल्या दिवाळीत ती म्हणाली, "आत्या, कोळंबी मला दे, मी इथे येऊन राहीन." माझे काळीज सुपाएवढे झाले आणि त्याच क्षणी मी घाबरले. तिने मागितली तरी टाक्यांतील एकही जनावर तिला देऊ नये, असे शेखरला बजावते.

कारण बाबा गेल्यावर मला अडवणारे कोणी उरले नव्हते. मी कॉलेजातून रजा घेतली, कोकणात जायचे ठरवले, पिलांचे खाणे शेखरवर सोपवले आणि मुंबईच्या गाडीत बसले. भुसावळला उतरले आणि समोरून येणाऱ्या गाडीने परत आले. घरी सगळे ठीक होते. शेखर टाकीजवळ बसून पुस्तक वाचत होता. मला पाहून त्याने उठून चहा ठेवला. त्यानंतर मी तिकीट काढले नाही. ज्या घरातून सुटायला मी ही पिले वाढवली, त्याच घरात मला धरून ठेवायला ती पुरेशी होती. मी त्यांना दोष देत नाही. पण खुशीला हे वतन नको.

६. सध्या एक खेप तरंगत आहे. मी नागपूरला निघण्याच्या आदल्या दिवशी शेखर गाडी आणि बॅटरीवरचा पंप घेऊन येईल व भांडी अमरावतीला नेईल. रस्त्यात पिले मेली तर त्याने मला फोन करू नये आणि जिवाला लावूनही घेऊ नये.

७. माझ्या देहाविषयी. त्रिशरण-पंचशील म्हणावे, बाकी काही करू नये. नागपूरला मृत्यू आला तर अंत्यसंस्कार नागपूरलाच करावेत. देह, अस्थी किंवा माझ्या अंगावरचे कपडे, काहीही अकोल्याला परत आणू नये. आणि ऑपरेशन होऊन मी वाचले, तरी मी दवाखान्यातून थेट घरीच येईन, असे कोणीही धरून चालू नये.

हे सर्व मी वाचून पाहिले. खाडाखोड नाही. ज्या दोघांसमोर सही केली, त्यांनीही माझ्यासमोरच सह्या केल्या. दोघांनाही यातून काही मिळत नाही.

सही : संध्या डोमाजी वानखडे

साक्षीदार
१. लीलाबाई तायडे, निवृत्त परिचारिका, कौलखेड, अकोला
२. गोपाल इंगळे, औषध विक्रेता, कौलखेड, अकोला

ठिकाण : अकोला
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५