अकरा गानसाई चित्रे आणि एक ओला स्पंज

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, अविवाहित, औषधांच्या दुकानात चौतीस वर्षे औषधे तयार करून देऊन निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र शुद्धीत असताना आणि कोणी भरीस न घालता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी तपासणी करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही चिडलेल्या आहात, पण भानावर आहात." मी म्हटले, दाखल्यात तसेच लिहा. त्यांनी फक्त दुसरा भाग लिहिला. दाखला सोबत जोडला आहे. त्यांच्या अंदाजाने मला उन्हाळ्यापर्यंतचा वेळ आहे, म्हणून हे आता लिहिते.

१. माझे राहते घर, म्हणजे दोन खोल्या व गॅलरी, आणि बँकेतील ठेव माझ्या भाचीला, म्हणजे ताईच्या मुलीला मिळावी. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही. स्वयंपाकघरातील खिडकीची कडी आधी वर उचलावी आणि मग ओढावी, नाहीतर ती हातात येते.

२. पितळी तराजू व चिनी मातीचा खल दुकानाच्या मालकांना द्यावा. ते खलात किल्ल्या ठेवतील हे मला ठाऊक आहे. ठेवोत बापडे.

३. आता चित्रांविषयी. माझी थोरली बहीण, जिला मी या कागदात ताई म्हणेन, दोन वर्षांपूर्वी वारली. शेवटची चार वर्षे ती गानसाई नावाच्या जपानी रंगांनी चित्रे काढत असे. तिचे पती, म्हणजे भावोजी, जलरंगांचा वर्ग चालवतात. चाळीस वर्षे ते एक टेकडी, एक झाड आणि एक होडी शिकवत आहेत. ती होडी अजून काठाला लागलेली नाही.

पुढचे समजावे म्हणून दोन रंगांतला फरक लिहून ठेवते. भावोजींचे जलरंग डिंकात कालवलेले असतात. ते पातळ लावायचे, खालचा कागद दिसला पाहिजे. पांढरा रंग वापरायचा नाही, जिथे उजेड हवा तिथे कागद कोरा सोडायचा. गानसाईत डिंकाबरोबर पाण्यात सुटणारा सरस असतो, काहींत खळ, साखरेचा पाक किंवा मेणही असते. प्रत्येक कारखान्याचे प्रमाण निराळे. वड्या मोठ्या, चौकोनी. रंग दाट बसतो, खालचे झाकतो, जाड लावला तर वाळल्यावर चमकतो. काळ्यावर पांढरा चढवता येतो. ताई तो मऊ, शोषून घेणाऱ्या कागदावर लावत असे.

वड्यांची पेटी पहिल्यांदा पाहिली तेव्हा भावोजी म्हणाले, "हे काय, साबण आणलास?"

ताई म्हणाली, "हो. हात धुऊन या, मग दाखवते."

त्यांनी हात धुतले नाहीत आणि चित्रही पाहिले नाही. "पांढरा रंग वापरणं म्हणजे अपराध आहे," एवढे बोलून ते वर्गावर गेले. मग ताई माझ्या गॅलरीत येऊन रंगवू लागली. मी एकदा तिला विचारले, हेच रंग का? ती म्हणाली, "अगं, त्यांच्या रंगात उजेड आधीच राखून ठेवावा लागतो. तो कुठे लागणार हे मला आधी कुठे माहीत असतं?" मला चित्रातले कळत नाही, पण हे कळले.

तिची चौतीस चित्रे झाली. एक सोडून बाकी सगळी तिने लेखी माझ्या नावे केली. ते पत्र कपाटात निळ्या फाइलमध्ये आहे.

४. ताई गेल्यावर तिसऱ्या महिन्यात भावोजी आले. "तिच्या नावाने प्रदर्शन करू," म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, ते खरे होते असे मी आजही मानते. घरात तेवीस चित्रे होती, ती मी त्यांना दिली. अकरा तेव्हा फ्रेम करायला गेलेली होती, म्हणून वाचली.

चाळीस वर्षे हे गृहस्थ जाड कागदावर ओला स्पंज फिरवून रंग उचलतात आणि त्याला उजेड काढणे म्हणतात. ताईच्या चित्रांवरची चमक त्यांना तेलकट डागांसारखी वाटली. दाट काळा रंग त्यांना चूक वाटला. उरलेली अकरा मागायला ते फ्रेमवालीकडे गेले, तेव्हा स्पंज पिशवीतच होता.

फ्रेमवाली म्हणाली, "मास्तर, याला पाणी लावू नका. कागद वेगळा आहे, रंगही वेगळा आहे."

"मला कागद शिकवतेस? चाळीस वर्षं स्पंज फिरवतोय मी."

"मग भांड्यांवर फिरवा."

तिने चित्रे दिली नाहीत आणि लगेच मला फोन केला. मी तिला म्हटले, "अगं, ते मास्तर आहेत. त्यांना कळत असेल." हे माझे शब्द येथे नोंदवते. सरसाला पाणी लागले की काय होते हे मला त्यांच्याहून अधिक ठाऊक होते. मी एक रिक्षा करून भावोजींच्या घरी गेले असते तर दहा मिनिटांत पोचले असते. माझा स्वभाव गप्प बसण्याचा आहे. लोक त्याला समंजसपणा म्हणतात. मी आता म्हणत नाही.

तेवीस चित्रांवरून स्पंज फिरला. काळा रंग सुटून सगळीकडे पसरला, कागदाचे बोळे निघाले. जिथे ताईने पांढरा चढवला होता तिथे फरशी पुसल्याचे पाणी दिसते. प्रदर्शनात ती तशीच टांगली. भावोजी पाहुण्यांना सांगत होते, "शेवटी तिचा हात थरथरायचा हो. मी जरा सांभाळून घेतलं."

ताईचा हात कधीही थरथरला नाही. मी दोन वर्षे तिची औषधे मोजून दिली आहेत, मला ठाऊक आहे. त्या माणसाच्या अज्ञानाला मी माफ केले असते. या वाक्याला करत नाही.

५. उरलेल्या अकरांपैकी दहा चित्रे, रंगांची पेटी व ब्रश यांची संपूर्ण मालकी मी फ्रेमवालीला देते. भाचीला देत नाही, याचे तिने वाईट वाटून घेऊ नये. तिला वडिलांना नाही म्हणता येत नाही. मलाही आले नव्हते. फ्रेमवालीला येते, एवढेच कारण. काच रंगाला टेकणार नाही अशी बसवावी हे तिला सांगायला नको. चित्रे कोणालाही दाखवावीत. भावोजी आले तर त्यांनाही दाखवावीत, पण हातात काही नसताना. "सांभाळून घेतलं" हे वाक्य निघाले तर दार दाखवावे.

६. अकरावे चित्र भावोजींचेच आहे. वर्गातून आल्यावर ते खुर्चीत झोपत, ते ताईने काढले आहे. बूटही काढलेले नाहीत. कोट, खुर्ची, मागची भिंत, सगळे गडद. त्यावर सर्वांत शेवटी तिने चष्म्याच्या काचेवर आणि टकलावर थोडा पांढरा लावला आहे. इतके मायेने काढलेले चित्र त्या दहांत एकही नाही. का, ते ताईला माहीत. मागे तिच्या अक्षरात लिहिले आहे, "हे ह्यांना द्यायचं."

हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. दोन वर्षे मी ते दाबून ठेवले. हे चित्र या कागदातून वगळावे, जाळावे, असेही मनात आले. परंतु ते माझे नाही, त्यामुळे मृत्युपत्राने मी ते कोणाला देऊ शकत नाही, फक्त पोचवू शकते. फ्रेमवालीने ते काच बसवून, मागून खिळे ठोकून पक्के बंद करावे, स्वतः घेऊन जावे आणि भावोजींच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर छताला लागून टांगावे. बसल्या जागेवरून दिसते. उभे राहून हात पोचत नाही. त्यांच्या घरात शिडी नाही, मी खात्री केली आहे.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. एकही शब्द सौम्य केलेला नाही.

सही
(ताईची धाकटी बहीण)

आमच्या देखत सही केली:
१. खालच्या मजल्यावरचे घड्याळजी (सही)
२. दाखला देणाऱ्या डॉक्टरीणबाई (सही)

ठिकाण: राहते घर, गॅलरी
दिनांक: ९ नोव्हेंबर, सकाळी साडेदहा