चुकलं तरी बोला

सोमवार, १६ जून १९९७
शाळा सुरू. बीडचं प्रशिक्षण संपवून परवाच आले. दहा दिवस एकच ऐकलं : मुलांना इंग्रजी बोलू द्या, खेळातनं बोलू द्या, बोलताना मध्येच दुरुस्त करू नका. सोळा वर्षं मी बरोबर उलटं केलं. फळ्यावर शब्द, पुढं अर्थ, पाठ करा, चुकलं की हात पुढं. माझ्याकडनं शिकून गेलेल्या एकाला तरी इंग्रजीत प्यायला पाणी मागता येईल का? केजहून गावापर्यंत जीपमध्ये हाच विचार.

आठवीत बावन्न मुलं. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : चुकलं तरी बोला. किराणा दुकानवाल्यांचा महेश उभा राहिला. "बाई, परीक्षेत बी चालंल का?" सगळे हसले. मी हजेरी घ्यायला लागले.

गुरुवार, १९ जून
पहिला खेळ. कापडी पिशवीत एक वस्तू लपवली, मुलांनी इंग्रजीत प्रश्न विचारून ओळखायची. मी फक्त येस नाहीतर नो म्हणणार. वीस मिनिटं कुणी तोंड उघडेना. खाली माना, पायांचा आवाज. मग मुलींच्या शेवटच्या बाकावरून : "इज इट ईट?" हशा. मी म्हटलं, नो. "इज इट कट?" येस. "इज इट कट... सुपारी?" येस! अडकित्ता काढून दाखवला तर टाळ्या.

तुळसा. धनगरवस्तीवरची, वडील धुळाजी मेंढरं राखतात. सातवीपर्यंत तिचा आवाज मी ऐकलेला आठवत नाही. चूक माझीच असणार.

अडकित्त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मलाही येत नव्हतं. घरी येऊन शब्दकोश काढला.

बुधवार, २ जुलै
डोळे बांधायचा खेळ. बाकं इकडंतिकडं सरकवून वाट केली, एकाचे डोळे रुमालानं बांधले, दुसऱ्यानं राइट, लेफ्ट, स्ट्रेट, स्टॉप म्हणत पलीकडं न्यायचं. लेफ्ट-राइट आयुष्यात विसरणार नाहीत आता. महेश दोनदा बाकावर आपटला. तुळसा त्याला ओरडली, "आय से स्टॉप! यू नो इअर?" मला हसू आवरेना.

हेडसर दारात. "बाई, वर्गात बाजार भरवलाय का? शेजारी गणित चाललंय." सॉरी म्हटलं. मुलांनीही एका सुरात सॉरी सर म्हटलं. तेवढंच आज पाठ न करता आलेलं.

शुक्रवार, १८ जुलै
महेशच्या वडलांनी दुकानाशेजारी एसटीडी बूथ टाकलाय. काचेची खोली, पिवळी पाटी. सगळं गाव बघायला. पुण्याकडं कारखान्यात गेलेल्या पोरांच्या आया संध्याकाळी बाकावर बसून असतात. त्यावरनं सुचलं. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या, एकमेकांचं तोंड दिसायला नको. इंग्रजीत फोन.

महेश झाला पुण्यातला मुलगा, तुळसा आई. जसंच्या तसं लिहून ठेवते.
"हॅलो. आय मदर. यू ईट?"
"येस."
"व्हॉट ईट?"
महेशला सुचेना. म्हणाला, "राइस."
"यू कम होम?"
"नो. वर्क."
"एव्हरी डे वर्क?"
"एव्हरी डे."
ती जरा थांबली. मग म्हणाली, "ओके. आय सिट हिअर."

वर्गात चिडीचूप. व्याकरण काढायला बसलं तर प्रत्येक वाक्याला तांबडी रेघ. पण समजलं नाही असं वर्गात कुणीच नव्हतं. मी खिडकीकडं तोंड करून उभी राहिले.

तास संपल्यावर ती म्हणाली, "बाई, लई चुकलं का?" म्हटलं, नाही गं. काहीच चुकलं नाही.

मंगळवार, ५ ऑगस्ट
आता तिच्यामागनं दहा-बाराजण बोलतात. बाक सोडून पुढं येतात. ह्यांना जेवताना सांगत होते. हे तहसीलच्या कामातनं आलेले, दमलेले, तरी म्हणाले, "त्या पोरीचं तू रोज सांगतेस." खरंच रोज सांगते की काय?

बुधवार, २० ऑगस्ट
हेडसरांनी बोलावलं. मंगळवारी शिक्षणखात्याचे साहेब येणार, माझा तास बघायला. नवीन पद्धत कुठं चालते ते बघत फिरताहेत. आठवीच्या तुकडीची मान्यताही अडकलेली आहे, शेरा चांगला पडला तर फाईल हलेल. हेडसर म्हणाले, "खेळ घ्या, पण नीटनेटका. पाच-सहा चांगली मुलं निवडा. साहेबांपुढं ईट-कट नको."
मी हजेरीपट उचलला.
निघताना म्हणाले, "तास आवडला तर तुम्हालाच प्रशिक्षक म्हणून बीडला बोलवतील. मी नाव सुचवलंय."
इथं खोटं लिहू नये. ते ऐकून बरं वाटलं. फार बरं वाटलं.

शनिवार, २३ ऑगस्ट
फोनचा खेळ बसवला. संवाद मीच लिहिला, शुद्ध. महेश आणि पोस्टमास्तरांची स्मिता. दोघांचं चोख पाठ. तुळसा डबा हातात धरून दारात उभी राहून ऐकत होती. आईचा भाग स्मिता करते आहे हे तिनं बघितलं.

सोमवार, २५ ऑगस्ट
आज तिला सांगितलं. मधल्या सुट्टीत, हापशाजवळ.
"तुळसा, उद्या साहेब आहेत. तू मागंच बस. बोलू नको."
"कावून बाई?"
"उद्यापुरतं."
"पन तुमीच लिवलंत फळ्यावर."
"हो. पण उद्या नको."
तिनं विचारलं, "माजं चुकतंय म्हनून?"
हो म्हटलं. दुसरं काहीही म्हणता आलं असतं. वेळ नाही, सगळ्यांना संधी मिळायची नाही, काहीही. हो म्हटलं.
ती म्हणाली, "बरं." आणि दुसऱ्या मुलींना पाणी हापसून देत राहिली.

मंगळवार, २६ ऑगस्ट
लिहावंसं वाटत नाही. लिहिते.

साहेब अकराला आले. महेश-स्मिताचा फोन बिनचूक झाला. हेडसर खूश. साहेब खुर्चीत जरा चुळबुळले, म्हणाले, "हे पाठ केलेलं आहे. माझ्याशी कोण बोलेल?" इंग्रजीत विचारलं, आज शाळेत कसे आलात? महेश उठला आणि त्यानं पुन्हा म्हटलं, "हॅलो, धिस इज महेश स्पीकिंग." साहेब हसले. स्मिताच्या डोळ्यांत पाणी. बाकीचे खाली बघायला लागले. जूनमध्ये बघायचे तसेच.

साहेब उठून मागच्या बाकापर्यंत गेले. तुळसापुढं थांबले. "अँड यू?"

तिला प्रश्न समजला होता. ती रोज मेंढरांबरोबर अर्ध्या वाटेपर्यंत येते, तिथनं पुढं पळत. तिच्याजवळ सांगायला सगळ्या वर्गापेक्षा जास्त होतं. तिनं साहेबांकडं नाही, माझ्याकडं बघितलं. परवानगी मागत होती.

मी मान हलवली. नको म्हणून. किती वेळ लागतो मान हलवायला.

ती उभी राहून म्हणाली, "नो इंग्लिश, सर."

साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, कुठली म्हणून विचारलं. धनगरवस्ती ऐकल्यावर माझ्याकडं वळून म्हणाले, "ह्या मुलांचं जरा अवघडच असतं, नाही का?"
मी म्हटलं, "हो सर."
तिच्यापासून चार हातांवर उभी राहून.

शेरा : शिस्त उत्तम, प्रयत्न स्तुत्य.

बुधवार, २७ ऑगस्ट
पिशवीचा खेळ घेतला. मुद्दाम सोपा. वाट बघितली. मागच्या बाकावरनं काही नाही. नाव घेऊन विचारलं. उभी राहिली, "मला येत न्हाई, बाई." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

सोमवार, १५ सप्टेंबर
तुळसा गप्प. तिच्याबरोबर ती दहा-बाराजणंही. महेश तेवढा बोलतो, वहीत आधी लिहून. मला दाखवतो, "बाई, बगा, बरोबर हाय का?" आधी विचारत नव्हता.

शनिवार, ४ ऑक्टोबर
बीडहून पत्र. डिसेंबरच्या प्रशिक्षणात मी 'साधन व्यक्ती', म्हणजे शिकवणारी. विषय : खेळातून संभाषण. हेडसरांनी पेढे मागवले. घरी ह्यांनी पत्र दोनदा वाचलं. मी म्हटलं, नको वाटतंय. "कावून?" म्हणाले. ह्यांच्या तोंडी तो शब्द नेहमीचाच, पण हापसा आठवला. आत जाऊन भाकरी थापत बसले.

सोमवार, १७ नोव्हेंबर
दिवाळीची सुट्टी संपली. हजेरीत तुळसा नाही. वस्तीवरची पोरं म्हणाली, मेंढरं मांजरसुंब्याकडं गेलीत, ती बी गेली. दरवर्षी वडील आणि चुलते जातात, ती मागं आजीपाशी राहायची. ह्या वर्षी का नाही राहिली? पोरांनी खांदे उडवले. एक म्हणाला, "तीच म्हनली, मी येते म्हनून."

गुरुवार, २७ नोव्हेंबर
हेडसर म्हणाले, महिना भरला की नाव कमी करावं लागेल. नियम आहे. म्हटलं, थोडं थांबा. "बाई, एका मुलीसाठी तुम्ही..." पुढचं बोलले नाहीत. मीही सांगितलं नाही की एका मुलीसाठी नाही, माझ्यासाठी आहे.

सोमवार, ८ डिसेंबर
बीडला प्रशिक्षणाला निघाले. मांजरसुंब्याच्या फाट्यावर एसटी थांबली, लोक चहाला उतरले. मीही उतरले, पिशवी घेऊनच. ढाब्यावरच्या माणसाला विचारलं, मेंढरं कुठं बसलीत? त्यानं टेकडीच्या पोटाशी हात दाखवला. एसटी गेली. जाऊ दिली.

ज्वारीच्या रानातनं पाऊण तास. तापलेली वाट, साडीला कुसळं. कळप लांबूनच दिसला. तुळसा एका कोकराला मांडीवर घेऊन त्याच्या खुरातला काटा काढत होती. मला बघून उठली नाही, हातातलं काम होईस्तोवर. मग उठली. "बाई, तुमी हितं?"

वाटेत सगळं जुळवलं होतं काय बोलायचं ते. एकही वाक्य आठवलं नाही. म्हटलं, "तुळसा, त्या दिवशी माझं चुकलं. तुझं नव्हतं चुकत."
हातातला काटा तिनं लांब टाकला.
"साहेबांना मी हो म्हणायला नको होतं."
ती म्हणाली, "म्या ऐकलं हुतं."
"माहीत आहे."
"मला वाटलं हुतं तुमी न्हाई म्हनशाल."

धुळाजी आले. बसायला घोंगडी टाकली, पितळीत दूध दिलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. ते आपले म्हणत राहिले, "बाई, एवड्या लांब आलात, लई झालं." मी पितळी खाली ठेवली. त्यांना म्हटलं, पोरीला पाठवा. ते म्हणाले, "म्या कुटं आडवलंय? तिलाच इचारा." तिला विचारलं. ती कोकराकडं बघत राहिली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

बीडला पोचायला दुपार झाली. माझा पहिला तास दुसऱ्या कुणीतरी घेतला होता.

मंगळवार, ९ डिसेंबर
चाळीस शिक्षक समोर. खेळ सांगायचे ते सांगितले. शेवटी फळ्यावर खडूनं ते तीन शब्द लिहायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला. त्याऐवजी त्यांना २६ ऑगस्ट सांगितला. सगळा. माझ्या त्या 'हो सर'सह. चहाच्या वेळी माजलगावकडचे एक वयस्कर सर जवळ आले, म्हणाले, "आमचंही एकेक असतं, बाई." आणि कप घेऊन निघून गेले. सांगून हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

शुक्रवार, १९ डिसेंबर
धुळाजी शाळेत. खांद्यावर घोंगडं, व्हरांड्याच्या खालीच उभे. आत या म्हटलं तर येईनात.
"बाई, पोरगी म्हनती यीन. आजीपाशी ऱ्हाईन."
मी पायरी उतरून खाली गेले.
"पन एक हाय. म्हनती, इंग्रजीच्या तासाला न्हाई बसनार. बाकी समदं शिकंन. चालंल का?"
त्यांना हे सांगताना अवघडल्यासारखं झालं होतं. मला विचारलं, "कावून आसं म्हनत आसंल वो?"
मी त्यांना सांगितलं का? नाही. चालेल म्हटलं. हेडसरांना काय सांगायचं ते मी बघेन म्हटलं. त्यांनी हात जोडले. मला ते हात बघवले नाहीत.

सोमवार, २२ डिसेंबर
आली. प्रार्थनेला ओळीत दिसली, उंची वाढल्यासारखी वाटली. गणिताला बसली, मराठीला बसली. तिसरा तास माझा. मी वर्गात शिरले आणि ती उठली, वही-दप्तर तिथंच ठेवून माझ्या शेजारनं बाहेर गेली. उद्धटपणा नाही, घाईही नाही. व्हरांड्यात भिंतीला टेकून खाली बसली. खिडकीतनं तिचा खांदा आणि वेणीचं टोक दिसत होतं.

मुलं माझ्याकडं बघत होती. महेश म्हणाला, "बाई, तिला बलवू?" नको म्हटलं.

खेळ घेतला. एकानं गोष्टीतलं एक वाक्य इंग्रजीत म्हणायचं, पुढच्यानं त्याला जोडायचं. गोष्ट बाजारात हरवलेल्या म्हशीची. गोष्ट बाहेर तुळसापर्यंत जावी म्हणून मोठ्यानं बोलायचा मोह होत होता, तो आवरला. खिडकी मात्र लावली नाही. अकरावं वाक्य स्मिताकडं आलं आणि तिथं गोष्ट अडली. म्हैस सापडेना. कुणालाच पुढचं सुचेना. वर्ग थांबला. मीही थांबले. सांगून टाकता आलं असतं, पण थांबले.

खांदा जरासा हलला. बाकी काही नाही. घंटा झाली.

ती आत आली, तिच्या जागेवर बसली, भूगोलाचं पुस्तक काढलं. शेजारच्या मुलीनं तिच्या कानात काहीतरी विचारलं, म्हशीचंच असावं. तिनं काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही.