प्रामाणिकपणाचा बिल्ला

मनीषनगर, नागपूर
४ ऑगस्ट २०२५

ती. प्रेमिलाआत्यास,
नंदिनीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला तू बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

मुलांवर संस्कार करायचं काम यंदा शाळेनं माझ्या गळ्यात मारलंय. मी लगेच सीताबर्डीहून चकचकीत बिल्ले आणले. सापडलेली वस्तू आणून देईल, त्याला बिल्ला. आठवड्यात टेबलावर खोडरबरांचा ढीग! मी एवढी फुगले की मुख्याध्यापकांनाही दाखवून आले. मग कळलं, पोरं आपलेच रबर हरवून आपणच शोधत होती.

हसू नकोस, पुढचं वाईट आहे. बाबांचं घड्याळ मी हातात घालते ना, ते वर्गात हरवलं. वर्गातली पिंकी माझ्या पिशवीजवळ वाकलेली एका मुलीनं पाहिली. मी सगळ्यांसमोर विचारलं, तर ती गप्प. आता वर्ग तिला चोर म्हणतो, तिच्या बाकावर कुणी बसत नाही. पुढच्या सोमवारी तिच्या आईवडिलांना बोलावलंय. काय करू?

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझी, नंदिनी

उमरेड
७ ऑगस्ट

चि. नंदिनीस अ. आ. व जयभीम.

रबराचं वाचून खूप हसली, मग हसू गेलं. बिल्ल्यानं साडीले भोक पडलेलं पाहिलं वं मी, पोरगी चांगली झालेली नाही पाहिली. तू बापावरच गेली, चष्मा डोक्यावर आन् साऱ्या घराले शोधाले लावणारी. पिशवी नीट पाहिली का? आन् पोरगी खरी निघाली, तर वर्गासमोरच सांग, स्टाफरूममध्ये गोंजारू नको.

जेवत जा वेळेवर.
तुझी आत्या

नागपूर
११ ऑगस्ट

ती. आत्यास जयभीम.

घड्याळ डब्याच्या पिशवीच्या बाहेरच्या खणात निघालं. इतके दिवस मी भेंडीबरोबर तेही शाळेत नेत-आणत होते. पिंकीला विचारलं. टेबलाखाली पडलेलं दिसलं म्हणून गुपचूप ठेवलं म्हणे. सांगितलं काहून नाही? तर म्हणाली, सांगतलं असतं तं तुम्ही मले बिल्ला लावला असता, मग पोरं म्हनली असती, हिनंच लपवलं होतं. मला फार लाज वाटली गं.

आज तिच्या आईवडिलांदेखत वर्गाला सगळं सांगितलं, तिची माफी मागितली. पाठ केलेलं भाषण विसरले, तेच बरं झालं. तरी माझी खोड बघ, हात सवयीनं बिल्ल्यांच्या डब्याकडे गेलाच. पिंकीनं दोन्ही हात पाठीमागे घेतले. मग काय देऊ, विचारलं. म्हणाली, माझ्या बाकावर कोनाले तरी बसवा.

मीच जाऊन बसले. गुडघे बाकात अडकले, वर्ग खिदळला. थोड्या वेळानं तिची चुगली करणारी तीच मुलगी दप्तर घेऊन आली आणि मला उठा म्हणाली, इथं तिला बसायचं होतं.

बिल्ला नसला तरी लोभ असावा.
तुझी, नंदिनी