डाव्या बटणावरची ट्यूब

३ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळपासून एकोणतीस फोटो झाले. एकेक उघडायचा, रुंदी सहाशेवर आणायची, शंभर केबीच्या आत बसवायचा, नाव द्यायचं, बाहेर काढायचा. एकूण चारशे बारा. फोल्डरचं नाव 'हात'. सात वर्षं वाळूजच्या शेडमधून गोळा केलेत. चिरडलेले, शिवलेले, पट्टीतले. काही नुसती मनगटं. कामगार कार्यालयात सुनावणी बारा तारखेला. त्याआधी सगळे पोर्टलवर चढवायचे, आणि तिथं मोठा फोटो जातच नाही.
चिरडलेला हातसुद्धा लहान करून मागतात. (भाषणात घ्यावं.)
त्यातला केस जिंकून देणारा फोटो एकच. संतोष म्हस्केच्या उजव्या हाताची चार बोटं प्रेसखाली गेली, तेव्हा मी त्याच शेडमध्ये क्वालिटी तपासायला होतो. लोक त्याला उचलून बाहेर नेत होते. मी मोबाईल काढला. फोटोत पुढं रक्तानं भरलेला साचा, मागं प्रेसची रांग. प्रेस खाली यायला दोन हातांनी दोन बटणं दाबावी लागतात, म्हणजे हात आत राहत नाही. फोटोत सहाच्या सहा प्रेसच्या डाव्या बटणाला सायकलची ट्यूब आवळून बांधलीय. बटण कायम दाबलेलं, एक हात मोकळा, माल दुप्पट.
कंपनीचं म्हणणं, बटणं मोकळी होती, संतोष बेसावध होता. एकाच प्रेसला ट्यूब दिसली असती तर ती त्यानंच बांधली म्हणाले असते. सहाला दिसते तेव्हा तो हुकूम असतो.
सुनावणीचे साहेब म्हणालेत, मूळ मोठा फोटो तारखेला सोबत आणा.

५ फेब्रुवारी, गुरुवार
एकशे दहावर अडकलो. मनगट सुजलंय. तेच पाच धक्के, तेच पाच धक्के. प्रेसवर होतो तेव्हाही हेच मनगट सुजायचं.
पुंडलिकनगरला वहीदभाईंच्या स्टुडिओत गेलो. लग्नाचे फोटो काढतात. जबड्याकडं बघून म्हणाले, "अभी भी टेढाच है."
"बोलायला पुरतो."
"वोच तो मुसीबत है."
(डिसेंबरात गेटसभेत तो फोटो दहा फुटी फ्लेक्सवर लावला होता. मी बोलायला उभा राहिलो आणि चार जण सळया घेऊन आले. पहिला फटका फ्लेक्सला, दुसरा मला. मोबाईल बुटाखाली घालून ठेचला. फोटो आधीच कॉम्प्युटरवर घेतला होता म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी कामावरून काढल्याचं पत्र.)
माझी पद्धत ऐकून वहीदभाई हसले. "एक एक? भाऊ, मैं एक शादी में तीन हजार फोटो निकालता. ऐसा किया तो दुल्हन की बेटी की शादी आ जाती."
करून दाखवलं. रेकॉर्ड दाबायचं, एका फोटोवर सगळं एकदा करायचं, थांबवायचं. यंत्र ते पाठ करतं. मग अख्खा फोल्डर त्याच्या तोंडी द्यायचा.
"पन पैले फोल्डर की कॉपी बनाना. असल कू हात नक्को लगाना. इसके वास्ते मेरेकू एक दूल्हे के बाप ने भरे हॉल में मारा."
"जोरात?"
"तुमारे से कम."

६ फेब्रुवारी, शुक्रवार
शिफ्ट सुटताना गेटवर वीसेक जण थांबले. चांगलं बोललो. चेव चढला होता. म्हणालो, यंत्राशी आपलं वैर नाही. इतिहासात कामगारांनी माग फोडले, ते मागावरच्या रागानं नव्हे, मागामागच्या घाईच्या रागानं. यंत्रात विचारायची एक जागा असते, तयार आहेस का, हात बाहेर आहे का. ती जागा जो बुजवतो तो खुनी. वर बसून बुजवतो म्हणून त्याला मॅनेजर म्हणतात. त्याच्या केबिनच्या काचा हाच त्याचा पुरावा आहे, आणि काच फुटते.
टाळ्या. मागून कोणीतरी, "भाऊ, काचेचं नुसतं बोलता का फोडायची पण?" हशा झाला. मला हसू आलं नाही. मनात ती काच रोज फुटते, आणि काचेमागचा माणूसही.
घरी येऊन लिहायलाच हवं ते: बारा वर्षांपूर्वी त्याच रांगेतल्या दुसऱ्या प्रेसवर मीसुद्धा ट्यूब बांधली होती. माझ्या हातानं. सुपरवायझरनं नुसतं ट्यूबकडं बघितलं होतं. हे मी कुठल्याच सभेत बोललेलो नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार
जमलं. दुपारी संतोषच्याच फोटोवर रेकॉर्ड केलं. रुंदी, वजन, सेव्ह. फोल्डर दिला तोंडी. फोटो झरझर उघडायला आणि मिटायला लागले. खोटं कशाला लिहू, मजा आली. हातावर हात ठेवून बसलो होतो.
फक्त दर फोटोला एक चौकट समोर यायची. याच नावाची फाईल आहे, बदलायची का? हो. बदलायची का? हो. आठ-दहा वेळा. चारशे बारा वेळा हो म्हणायचं तर मग हाताचं काम वाचलं कुठं? खाली एक बारीक चौकोन होता, पुन्हा विचारू नका. टिचकी मारली. गप्प झालं.
चहा होईपर्यंत संपलं. बायकोला, सुमनला, सांगितलं. ती म्हणाली, "कॉपी केली का आधी? वहीदभाई म्हणाले होते ना?"
उद्या करतो म्हणालो.

८ फेब्रुवारी, रविवार
मोठा फोटो उघडायला गेलो. नाही.
सगळे सहाशे. चारशे बाराच्या चारशे बारा. लहान फोटो मोठ्यांच्याच जागी जाऊन बसलेत, मोठे गेले. पहिल्या प्रेसची ट्यूब ओळखू येते, कारण मला ती माहीत आहे. मागच्या पाच प्रेसवर काळे ठिपके. वकील म्हणेल, ग्रीसचे डाग आहेत. मीही वकील असतो तर तेच म्हणालो असतो.
कीबोर्ड भिंतीवर आपटला. मग मूठ. सुमननं मुठीला फडकं बांधलं.
विचारायची जागा. मीच बुजवली. परवा वीस लोकांसमोर बुजवणाऱ्याला काय म्हणालो होतो, ते शब्द इथं पुन्हा लिहीत नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार
वहीदभाई दोन तास झगडले. "भाऊ, डिलीट किया होता तो निकाल देता. तुमने तो उसके उपरच लिख दिया."
फ्लेक्स छापणाऱ्याकडं गेलो. तो दर महिन्याला सगळ्या फाईली पुसतो.
निघताना वहीदभाई म्हणाले, "उस लडके कू बोला?"
नाही.
"बोल दो. मारेगा तो मारेगा. तुमकू आदत है."

१० फेब्रुवारी, मंगळवार
संतोष अजिंठ्याकडच्या गावाहून आला होता, परवाच्या जबानीची तयारी करायला. सांगितलं. सगळं, चौकटीसकट. मग बारा वर्षांपूर्वीची माझी ट्यूबही सांगितली. सांगायची ठरवली नव्हती, तोंडून गेली.
तो उठून माझ्यासमोर आला. मग मारलं. उजव्यानं. बोटं नाहीत, त्यामुळं चापट नव्हती. तळव्याचा गड्डा थेट त्याच जबड्यावर. खुर्चीसकट पडलो. लागलं त्यालाही, जखमेची कड उकलली, फरशीवर रक्ताचे थेंब. सुमन धावली ती त्याच्याकडं.
"हा हात तुमच्या फोल्डरात व्हता ना काका? घ्या. आता काढा फोटो."
मी उठलो नाही.
पट्टी बांधून झाल्यावर दारात थांबला. पाठ माझ्याकडं. "गेटवरचं फाटकं फ्लेक्स त्या दिवशी मी गुंडाळून नेलं व्हतं. फेकवंना. आईनं कडब्यावर टाकलंय. असंल नसंल, मला ठावं नाय."

११ फेब्रुवारी, बुधवार
पहिली एसटी, संतोषच्या गावाला. संतोष बसमध्ये माझ्याजवळ नाही, वेगळ्या सीटवर बसला.
गंजीवर फ्लेक्स होतं. पांढरी बाजू वर. त्याच्या आईनं उपडं टाकलेलं. "रक्त दिसतं त्याच्यावर. येता-जाता मला नाय बघवत. म्हून खाली केलं." तिला बघवलं नाही म्हणूनच चित्राला ऊन लागलं नव्हतं.
दोघांनी ओढून अंगणात पसरलं. घुशीनं कुरतडलेलं, मधोमध सळीनं फाटलेलं. त्याच्या आईनं, मावशीनं, बादलीनं पाणी टाकलं, मी घासलं. गढूळ पाणी लाल दिसत होतं. माती होती, पण मावशी मागं सरकली.
पहिली ट्यूब बुक्कीएवढी. गाठसुद्धा दिसते. दुसरी. तिसरी. चौथीवर भोक, पण दोन्ही बाजूंनी टोकं दिसतात. पाचवी पुसट, आहे. सहावी सळीनं नेली.
"पाच," संतोष म्हणाला. आज दिवसभरात माझ्याशी बोललेला हा एकच शब्द.
मावशीनं आम्हा दोघांना एकाच ताटात वाढलं. मुद्दाम.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
हे कामगार कार्यालयाच्या बाकावर लिहितोय. शिपाई म्हणाला, "बॅनर बाहेर ठेवा, इथं मोर्चा नाही." संतोषनं गुंडाळी सोडली नाही. आडवी मांडीवर धरून बसलाय. कंपनीचे वकील बघून हसले. कडब्याची काडी त्यांच्या बुटावर पडली, झटकली.
साहेब फ्लेक्स पुरावा म्हणून घेतील की नाही, ठाऊक नाही. फोटो काढला कोणी, मूळ कुठंय, विचारतील. मूळ माझ्या हातून गेलं, हे सांगावं लागेल. मग ते विचारतील, तुम्हाला ट्यूबचं एवढं कसं माहीत. तेही सांगायचं. त्यावर वकील माझे किती तुकडे करील, कल्पना आहे. करू दे.
काल परतताना बसमध्ये मनात भाषण जुळवत होतो. चांगलं जुळत होतं. आता संतोषला म्हणालो, आधी मी दोन शब्द बोलतो, मग उघडू.
त्यानं गुंडाळीचं एक टोक डाव्या हातात घेतलं, दुसरं माझ्याकडं सरकवलं.
"तुम्ही हे टोक धरा. ते विचारतील तवाच बोला."
आत नाव पुकारलं