निरोप सांगण्याआधी

अप्पा, परवा शिरूरच्या स्टँडवर बसची वाट बघत उभी होते, तर एका बाईनं येऊन माझा हात धरला. "तुमी एसटीडीवाल्या अप्पांची पोरगी न्हवं?" म्हणाली. केस पांढरे झालेले, पुढचा दात पडलेला. आधी ओळखलंच नाही. आपल्या मागच्या गल्लीतली ती सून. काय बोलली ते तुम्हाला सांगावं असं दोन दिवस वाटतंय, आणि तुम्ही जाऊन तर इतकी वर्षं झाली, म्हणून लिहायला बसले.

तुम्हाला प्रश्न पडायचे. कामाचे नाहीत, बिनकामाचे. दुकानात एसटीडीची काचेची केबिन बसवली तेव्हापासून तर ते वाढतच गेले. पुण्याला फोन लावला की लोक ओरडून बोलतात आणि बीडला लावला की हळू, तार तर तीच, मग घशाला अंतर कसं कळतं? पाण्याला रंग नाही तर ओला दगड काळा का दिसतो? निवडणुकीची जीप भोंग्यावर 'जनतेनं ठरवलंय' म्हणत गेली की तुम्ही समोरच्या गिऱ्हाइकाला विचारायचे, "ही जनता कोण हाय बे? आपल्या केबिनीत कुणी आलं का कदी, मी जनता बोलायलोय म्हणून?" टँकरच्या मागं पळणाऱ्या आपल्या गावात पाण्याच्या बाटल्या विकायला आल्या, तेव्हा तुमच्याच फ्रिजपुढं उभे राहून तुम्ही बराच वेळ विचार करत होता. आई म्हणायची, यांच्या डोक्याला काही उद्योग नाही. मी नववीत होते आणि मला ते सगळे प्रश्न आवडायचे, कारण त्यांची उत्तरं परीक्षेत लिहावी लागत नसत. गावात फोन थोडे, म्हणून आपल्याकडं लोकांचे निरोप यायचे आणि ते सांगायला मी गल्लीबोळांतून पळायची. एकदा तुम्ही म्हणाला होता, सांगावा म्हणजेही निरोप आणि माणसाला वाटेला लावणं म्हणजेही निरोप, या दोन्हींना एकच शब्द कुणी दिला असेल?

त्या वर्षीही दसरा झाला आणि टोळ्या ऊस तोडायला गेल्या. निम्मं गाव रिकामं झालं. स्टँडवर भेटली ती सून मात्र मागं राहिली होती, कारण पोरगं अंगावर पीत होतं. नवरा आणि दीर गेले होते. एके दिवशी शाळेला सुट्टी होती, मी दुकानात साबणाच्या पुड्या लावत बसले होते, आणि फोन वाजला. तुम्ही नुसतं "हां, हां" म्हणत ऐकलं आणि रिसीव्हर ठेवला. मला म्हणालात, मागच्या गल्लीतून तिला बोलावून आण, सासरा असला तर त्यालाही. सासरा दुसऱ्या गावी बाजाराला गेला होता. ती एकटीच आली, नुकतीच न्हालेली, केस ओले, पोरगं कडेवर. नवऱ्याचा फोन आहे असंच ती समजली होती. केबिनीशी उभी राहून हसत म्हणाली, "काय म्हणायलेत?" तुम्ही म्हणालात, लाइन गेलीय, परत येईल, तोवर आत जाऊन जेवून घे. मग स्वयंपाकघरात येऊन तुम्ही आईला हळूच सांगितलं ते मी ऐकलं. ट्रॉली उलटली होती. तिचा नवरा पहाटेच गेला होता, संध्याकाळी त्याला जीपमधून आणणार होते. आईचा हात पिठातच थांबला. "आज तिच्या घरी चूल पेटणार न्हाई," तुम्ही म्हणालात, "खाऊ घाल तिला."

ती जेवली. पिठलं, भाकरी आणि आईनं वाढला म्हणून शेंगदाण्याचा लाडू. पोराला पदराखाली घेऊन ती बोलत होती, नवरा येताना पायातल्या पट्ट्या आणणार म्हणून सांगत होती, हसत होती. आई चुलीकडं तोंड करून बसली होती. तुम्ही मधल्या दारात उभे होता. मी जवळ आले तशी मला विचारलंत, "ती आत्ता कोण हाय गं? माणूस तर गेला, पर तिला ठावं न्हाई. मी सांगितल्यावर ती विधवा व्हणार, का झालीय?" मी आत तिच्याकडं बघितलं. "मग ऱ्हाऊ दे अजून थोडं," तुम्ही म्हणालात. तिनं हात धुतला, पोराचं तोंड पुसलं, तेव्हा तुम्ही तिच्यासमोर जमिनीवर बसलात आणि सांगितलंत. ती पोराचं तोंड पुसतच राहिली, कोरडं झालं तरी.

आपल्या परसदारातून शेजारणीनं तिला हसताना बघितलं होतं. दिवसकार्य व्हायच्या आतच गावभर झालं की नवरा मेला आणि ही लाडू खात बसली होती. तिला काही माहीत नव्हतं, हे कुणी ऐकून घेतलं नाही. सासरा दुकानात आला, सगळ्यांसमोर उभा राहिला. "निरोप आला तवाच सांगायचा व्हता. तुमी कावून ठेवून घेतला? तुमचा व्हता का तो?" तुम्ही मान खाली घातली. पुढच्या हंगामात पोर मागं ठेवून तिला दिराच्या टोळीत पाठवलं. आणि तुमचे प्रश्न बंद झाले. गिऱ्हाइकं मुद्दाम खोड काढायची, तुम्ही नुसतं बिल फाडून द्यायचे. आईलाही ती शांतता सोसेना. एकदा तिनंच तुम्हाला विचारलं, पावसाआधी मुंग्यांना कसं कळतं हो? तुम्ही म्हणालात, कळत असंल काहीतरी. जाईपर्यंत तुम्ही असेच राहिलात.

परवा मी तिला विचारलं, अप्पांचा राग आहे का. ती बाकड्यावर टेकली. "लई वर्सं व्हता," म्हणाली. "त्या जेवणापायी मला काय काय ऐकावं लागलं. पर त्या दिवशी पोरगं पोटभर प्यालं. त्या रात्रीपासून मला दूधच आलं न्हाई." तेच पोरगं आता जीप चालवतं. मग ती म्हणाली, "त्यांनी बरं केलं का वाईट, मला ठरवता आलं न्हाई. तुमी शिकलेल्या, तुमी सांगा." मी म्हणाले, अप्पांनी बरोबरच केलं. ती बाकड्यावरून उठली. माझी बस लागली.

अप्पांनी बरोबर केलं, हेच मी आजवर सगळ्यांना सांगत आलेय, आईला, नवऱ्याला, पोरांनाही. हे पत्र कुठं टाकायचं नाहीये, म्हणून इथं लिहिते. मी तुमची बाजू घेतली ती तुम्ही माझे अप्पा होता म्हणून. तुमच्या जागी मी असते, तर तिला केबिनीपाशीच सांगितलं असतं.